आजाऱ्यास अन्न : थोडा इतिहास, थोडा अनुभव

स्मरणिकेत देणगीदारांची नामावली, परीक्षांत यश मिळविलेल्या मुलामुलींची छायाचित्रे आणि दिवंगतांस श्रद्धांजली छापण्याचा आपला प्रघात आहे, व तो योग्यच आहे. घरी अंथरुणास खिळलेल्या रुग्णांकडे मंडळाच्या स्वयंपाकघरातून जे डबे जातात, त्यांचा उल्लेख मात्र वार्षिक अहवालात एका ओळीत उरकला जातो. त्या ओळीमागील इतिहास ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवावा, एवढ्यासाठी हा प्रपंच.

दुःखात अन्न पोहोचविण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बाळंतिणीस डिंकाचे लाडू येतात. ज्या घरी मृत्यू घडला त्या घरी चूल पेटत नाही, आणि शेजारी पिठले-भाकरी घेऊन येतात. परंतु हा सारा मामला थोड्या दिवसांचा. जो मनुष्य सहा महिने उठू शकत नाही, त्याच्यासाठी रूढीने कोणाचीही पाळी लावून दिलेली नाही. पहिल्या आठवड्यात चार घरांतून पेज येते, दुसऱ्या महिन्यात नुसती चौकशी येते, पुढे तीही थांबते. ह्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. ज्याच्या त्याच्यामागे संसार असतो.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे रुग्णांस सक्तीने इस्पितळात नेण्यात येऊ लागले, तेव्हा लोकांच्या मनात अनेक भये उभी राहिली. त्यांपैकी एक अन्नपाण्याचे होते : तेथे कोणाच्या हातचे खावे लागेल? ह्या भयावर उतारा म्हणून १८९७ साली मुंबईत निरनिराळ्या ज्ञातींनी व धर्मसमाजांनी स्वतःची प्लेग-इस्पितळे उघडली. पुण्यास टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग हॉस्पिटल निघाले. ज्ञातिसंस्थांच्या रुग्णसेवेचे एक मूळ येथे सापडते. त्याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु आजाऱ्याच्या पथ्याबरोबर आचाऱ्याची जातही तेथे पाहिली जाई, हे लपविण्यात अर्थ नाही. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या वस्तीतील एका आजारी मुलास पाठीवर घेऊन आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या, आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी निवर्तल्या. ही दोन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, असे आम्हांस वाटते.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. प्लेगचा रोगी उचलून नेला जात होता. ह्या तापाचा रोगी बहुधा घरीच राहिला. पाऊस अपुरा झाला होता, धान्य महागले होते. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. ह्या साथीने म्हाताऱ्यांपेक्षा ऐन विशी ते चाळिशीतील माणसांवर अधिक घाला घातला, आणि आपल्या देशात पुरुषांहून स्त्रिया अधिक दगावल्या. म्हणजे घरात जी रांधणारी, जी उशाशी बसणारी, तीच प्रथम पडली. दीर तापाने फणफणलेला, नणंदेच्या घरीही तीच गत. मग पेज आणणार कोण? ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापिलेल्या सोशल सर्व्हिस लीगचे स्वयंसेवक अशा वेळी चाळींतून औषधे घेऊन फिरले. नात्याचा आणि ज्ञातीचा आधार मोठा खरा. पण सारे नातेवाईक एकाच वेळी आडवे झाले, की तो आधारही आडवा होतो.

नात्यातल्या वा स्नेह्यांच्या मदतीची साखळी कशी तुटते, हे सातासमुद्रापलीकडे एका बाईंनीही पाहिले. सॅन फ्रान्सिस्को शहरी रूथ ब्रिंकर ह्या निवृत्त बाईंचा एक मित्र एड्सने अंथरुणास खिळला होता. स्नेह्यांनी त्याच्या जेवणाच्या पाळ्या वाटून घेतल्या. परंतु पाळीचा मनुष्य आला नाही की रोगी उपाशी. त्या काळी ह्या रोग्यांपैकी कित्येकांना घरच्यांनीही दूर लोटले होते. बाईंनी १९८५ मध्ये एका चर्चच्या तळघरातील स्वयंपाकघरात सात रुग्णांसाठी रांधण्यास आरंभ केला. ‘प्रोजेक्ट ओपन हँड’ ह्या संस्थेचा जन्म तो. संस्थेच्या नावात ‘उघडा हात’ आहे. आमच्या मते त्याहून महत्त्वाचा तो न चुकणारा हात.

हे आम्ही पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मंडळाच्या सभागृहामागील स्वयंपाकघरात आम्ही मुगाची खिचडी, मऊ भात, बिनतिखटाची भाजी असे पथ्याचे अन्न रांधू लागलो. यादीत केवळ सभासद कुटुंबे होती. एके दिवशी डबे नेणारा तरुण तापाने पडला. दुसरा नेईल असे आम्ही समजलो, दुसऱ्याने तिसरा नेईल असे मानले. एकटे राहणारे एक सेवानिवृत्त गुरुजी दोन्ही वेळा डब्यावाचून राहिले. ते इन्शुलिन घेतात. इन्शुलिन घेणाऱ्यास जेवण चुकणे हा उपास नव्हे, धोका असतो. दुसऱ्या सकाळी आम्ही धावत गेलो, तेव्हा दार उघडून ते एवढेच म्हणाले, “काल एकादशी होती वाटतं. या, बसा.”

त्यांना रात्री पेज दिली होती ती समोरच्या खोलीतील बाईंनी. त्या आपल्या ज्ञातीच्या नव्हेत. त्यांच्या घरीही दोन माणसे आजारी होती, आणि त्यांचे नाव कोणाच्याच यादीत नव्हते. आमच्या यादीत असणे शक्यच नव्हते. पहिला रकाना सभासद क्रमांकाचा होता.

कार्यकारिणीत त्यावर बराच खल झाला. देणगी ज्ञातिबांधवांसाठी दिलेली आहे, ती अन्यत्र कशी खर्चावी, हा एका वडीलधाऱ्या सभासदांचा आक्षेप गैर नव्हता. विश्वस्तांस हिशेब द्यावा लागतो. अखेर सर्वांसाठी एक निराळी पेटी ठेवण्याचे ठरले, आणि तिच्यात पहिली नोट त्याच वडीलधाऱ्यांनी टाकली. यादीतील पहिला रकाना आता ‘पथ्य’ हा आहे. प्रत्येक पाळीस एक राखीव नाव असते, आणि दुपारी दोनच्या आत डबा पोहोचल्याचा निरोप न आल्यास तो राखीव मनुष्य घरून निघतो.

गुरुवारची पाळी समोरच्या खोलीतील त्याच बाई सांभाळतात. रविवारच्या राखीव नावाची जागा अद्याप रिकामी आहे.