वही कुणाकडे? प्रवाशाला बांधून ठेवण्याचा इतिहास, लातूर-नांदेडकडून

आजचा विषय ऐकायला जरा शहरी वाटेल. विमान कंपन्यांचे पॉइंट, माइल्स, हॉटेलांची सोनेरी-चंदेरी कार्डं. लातूर-नांदेडच्या प्रवाशाचा याच्याशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. आमचं म्हणणं असं की ही गोष्ट नीट कळायची असेल तर ती इथूनच बघावी.

आधी नेहमी सांगितली जाते ती कथा थोडक्यात घेऊ. अमेरिकेत विमानाचं भाडं आणि मार्ग एक सरकारी मंडळ ठरवायचं. १९७८ मध्ये तो ताबा उठवायचा कायदा झाला आणि कंपन्यांची भाड्यावरून झुंज लागली. विमानं सारखी, खुर्च्या सारख्या. गिऱ्हाईक टिकवायचं कसं? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने 'ॲडव्हांटेज' योजना काढली. जितके मैल उडाल तितके तुमच्या खात्यावर जमा, आणि ठरावीक मैल साठले की फुकट तिकीट. युनायटेडने काही दिवसांतच तेच केलं. दोन वर्षांत हॉलिडे इन आणि मॅरियट ही हॉटेलंही मागे आली.

लोक याला इतके का चिकटले? फुकटची ओढ तर आहेच. पण खरी मेख अशी की नोकरीच्या कामासाठी फिरणाऱ्याचं तिकीट काढायचं ऑफिस, आणि मैल जमा व्हायचे त्या माणसाच्या नावावर. खर्च साहेबाचा, सुट्टी आपली! अशी गोष्ट कोण सोडेल?

यातला आम्हाला महत्त्वाचा वाटतो तो भाग मात्र बक्षिसाचा नाही, यादीचा आहे. आपल्याकडे वारंवार कोण येतं हे कंपनीला धड माहीतच नव्हतं. मग 'सेबर' नावाच्या त्यांच्या आरक्षणाच्या संगणकात पुन्हा पुन्हा येणारे टेलिफोन नंबर शोधले आणि त्यावरून पहिली यादी केली. म्हणजे आधी नोंद, मग निष्ठा.

आता सांगा, ही नोंदीची गोष्ट आपल्याला नवी आहे का? नाशिक, त्र्यंबकेश्वर, गया, काशी, कुठंही जा. तीर्थोपाध्याय विचारणार, गाव कोणतं, आडनाव काय? मग वही निघते. त्यात आपल्या आजोबांचं, पणजोबांचं नाव, कधी कधी त्यांच्याच हातची सही किंवा अंगठा. अमुक गावचे यजमान अमुक गुरुजींचे, हे पिढ्यान् पिढ्या ठरलेलं. उतरायची सोय बहुधा त्यांच्याच घरी, जेवण तिथंच, विधी तिथंच. वही हीच गुरुजींची मिळकत. भावाभावांच्या वाटणीत ती घराशेताइतकीच मोलाची. प्रवासी आणि मुक्काम दोन्ही एका नोंदीत बांधणारी ही व्यवस्था सेबरच्या किती आधीची!

लातूरच्या आडतीतही हेच, फक्त उलट्या दिशेनं. शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी आडत्याकडून उचल मिळते, आणि मग तूर-सोयाबीन त्याच आडतीवर येते. तिथं आधी पैसा आणि मग बंधन. मैलांच्या योजनेत आधी बंधन आणि पैसा नंतर, कधी तरी. म्हणजे तोवर कंपनी आपली देणेकरी असते. हा मुद्दा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता एसटीकडे येऊ. मराठवाड्यात सार्वजनिक बस आली ती निजामाच्या काळात. १९३२ साली रेल्वे खात्यानंच २७ गाड्यांनी ही सेवा सुरू केली. तिकडे मुंबई राज्याची पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली. पुढं मराठवाडा १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला आणि नंतर ही बससेवाही एसटीत मिसळली. 'वाट पाहीन पण एसटीनेच जाईन' हे वाक्य आपण सगळे हसत हसत म्हणत आलो. त्यात प्रेम आहे, नाही असं नाही. पण गावाच्या फाट्यावर दुसरं होतं काय? जिथं पर्याय नाही तिथं निष्ठा विकत घ्यावी लागत नाही. एसटीने १९८८ मध्ये 'आवडेल तेथे कोठेही प्रवास' हा पास काढला. योजना फार गुणाची, पण तिच्यात प्रवाशाचं खातं नव्हतं. पास संपला की संबंध संपला.

पर्याय आला तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सनी. लातूर-पुणे, नांदेड-पुणे. इथं बुकिंगवाल्याच्या मोबाइलमध्ये नेहमीच्या गिऱ्हाइकाचा नंबर असतो. दिवाळीत गाड्या भरलेल्या असताना 'दादा, एक तरी सीट बघा' म्हटलं की ती कुठून तरी निघते. कार्ड नाही, पॉइंट नाहीत. पण टेलिफोन नंबरावरून माणूस ओळखायची युक्ती तीच.

विमानांचं काय? १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर देशांतर्गत प्रवासाला मुख्यतः इंडियन एअरलाइन्सच होती, म्हणजे हवेतली एसटीच म्हणा. नव्वदच्या दशकात खासगी कंपन्या आल्या आणि मैलांच्या योजनाही त्याच दशकात आल्या. हा काही योगायोग नव्हे.

नांदेडला २००८ मध्ये गुरुता गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानं विमानतळ मोठा झाला. किंगफिशरची मुंबईची विमानं आली. व्यापारी, डॉक्टर, पुढारी मंडळी बसू लागली. या कंपनीची योजना होती 'किंग क्लब'. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमानं थांबली आणि देशभरातल्या लोकांनी साठवलेले मैल कागदावर राहिले. आडत्या बुडाला तर शेतकरी निदान दारात जाऊन बसतो. इथं दार कोणतं? जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, पण तिचे पॉइंट वाचले. का? योजनेची कंपनीच वेगळी होती आणि तिच्यात मोठा हिस्सा एतिहादचा होता. विमान गेलं, वही राहिली. आणि वहीची किंमत किती? २०२० च्या महामारीत युनायटेडने आपली मैलांची योजना तारण ठेवून ६८० कोटी डॉलर उभे केले. त्या वेळी योजनेचं मूल्य खुद्द विमान कंपनीच्या शेअर बाजारातल्या किमतीपेक्षा जास्त धरलं गेलं होतं.

नांदेडला २७ एप्रिल २०१७ रोजी 'उडान'खाली ट्रूजेटचं हैदराबादचं विमान सुरू झालं, २०२२ मध्ये ट्रूजेटही थांबली, २०२४ मध्ये स्टार एअर आली. दर चार-पाच वर्षांनी विमानावरचं नाव बदलतं. त्यामुळे इथल्या प्रवाशाला कार्डापेक्षा आजचं भाडं किती हे आधी दिसतं, आणि आमच्या मते त्यात त्याचं काही चुकत नाही.

लातूरच्या रेल्वेचा वाद यात घेतला नाही, तो पुढच्या वेळी. आता प्रश्न असतील तर घेऊ.