एस्प्लनेडवरील एक अर्ज

वसई-विरारहून आलेली गाडी चर्चगेटला रिकामी झाली की माणसांचा एक लोंढा ओव्हल मैदानाच्या मधल्या पायवाटेने हायकोर्टाकडे वाहू लागतो. पायवाटेच्या दोन्ही अंगांना क्रिकेट चाललेले असते. एका सामन्यातला क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या यष्टिरक्षकाला पाठ लावून उभा असतो आणि चेंडू नेमका कोणाचा याविषयी फारसा वाद होत नाही. ही मोकळीक मुंबईकर गृहीत धरून चालतात. तिच्यासाठी एके काळी अर्ज लिहावे लागले, सह्या गोळा कराव्या लागल्या, एवढेच नव्हे तर मिळालेला हुकूम वर्षभरात परतही गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आज आपण आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज अशी चार नावे घेतो. मुळात ही एकाच विस्तीर्ण पटांगणाची शकले होत. इंग्रज त्याला एस्प्लनेड म्हणत. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी ‘कांपाचे मैदान’ हे नाव होते. ते राखले गेले ते नगरवासीयांना हवा खाता यावी म्हणून नव्हे. किल्ल्याच्या तोफांना समोर आडोसा नको, शत्रूला दडायला घर नको, झाड नको, म्हणून अठराव्या शतकात कोटाबाहेरची वस्ती हटवण्यात आली. १८०३ साली कोटात मोठी आग लागली, त्यानंतर ही मोकळी पट्टी आणखी रुंदावली. या साफसफाईत आपल्या समाजाचेही एक मंदिर गेले. नोस्सा सिन्योरा द एस्पेरान्सा, म्हणजे आशेची माता, हिचे चर्च १७६० मध्ये लष्करी कारणासाठी पाडले गेले आणि पुढे भुलेश्वरला नव्याने उभे राहिले. मैदानात उरलेला दगडी क्रूस त्याच चर्चचा, अशी परंपरा आहे. क्रॉस मैदान हे नाव त्या क्रुसावरून पडले. शहरातील सर्वांत मोलाची मोकळी जागा अशी तोफांनी निर्माण केली, ही गोष्ट चमत्कारिक खरी. पण नगररचनेच्या इतिहासात हेतू एक आणि फळ दुसरे असे पुष्कळदा घडते.

१८६२ पासून गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत कोटाच्या भिंती पाडल्या जाऊ लागल्या. तोफांचे काम संपले आणि मैदानाला धनी उरला नाही. धनी नसलेल्या जमिनीवर शहर कसे तुटून पडते, हे सांगायला नको. ओव्हलच्या पूर्वेस सचिवालय, विद्यापीठ आणि हायकोर्ट यांच्या भव्य इमारती एकामागून एक उठल्या. तरीही मधला हिरवा पट्टा बराचसा वाचला आणि त्यावर पोरांनी ताबा मिळवला. एल्फिन्स्टनसारख्या शाळांतील पारशी मुले गोऱ्या सोजिरांचा खेळ पाहून क्रिकेट शिकली होती. १८४८ मध्ये त्यांनी ओरिएंटल क्रिकेट क्लब काढला. पाठोपाठ हिंदू आणि मुसलमान तरुणही उतरले. पुढची दोन-तीन दशके हे मैदान म्हणजे खेळाची खुली शाळाच होती. प्रवेशशुल्क नाही, मास्तर नाही.

१८७५ मध्ये बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. आज जे आझाद मैदान आहे त्याच्या दक्षिण टोकाला त्याची जागा. सभासद फक्त युरोपियन. जिमखान्याच्या क्रिकेटसाठी जागा राखीव होती आणि तिकडे देशी खेळाडूंना पाऊल टाकण्याची मुभा नव्हती. याबद्दल त्या काळी कोणी फार तक्रार केली असे दिसत नाही. तक्रार झाली ती पोलोमुळे. जिमखान्याची मंडळी पोलो खेळत ती आपल्या राखीव हिरवळीवर नव्हे, तर देशी मुलांच्या क्रिकेटच्या जागेवर. आठवड्यातून थोडेच दिवस खेळ चाले. पण घोड्यांच्या टापांनी जमीन अशी उखडे की उरलेल्या दिवसांतही तिथे चेंडू सरळ येईना. ज्याने खेळपट्टी कधी हाताने चोपली आहे त्याला या दुःखाची कल्पना येईल.

शापूरजी सोराबजी या पारशी गृहस्थाने ही बाजू हाती घेतली. १८८१ मध्ये सरकारकडे एक अर्ज गेला. त्यावर निरनिराळ्या धर्मांच्या ४६० तरुणांच्या सह्या होत्या. मागणी साधी होती: जी जागा आम्हां सर्वांच्या खेळाची आहे तिथून घोडे हलवावेत. पुण्याच्या महाविद्यालयामुळे ज्यांचे नाव मराठी घराघरांत पोहोचले ते सर जेम्स फर्ग्युसन तेव्हा गव्हर्नर होते. १८८२ मध्ये पोलो कूपरेजला न्यावा असा निर्णय झाला. मुलांनी आनंद मानला. तो टिकला नाही. जिमखान्याने वर शब्द टाकला आणि १८८३ मध्ये निर्णय फिरला. शापूरजींनी मात्र लेखणी खाली ठेवली नाही. १८९७ मध्ये त्यांनी पारशी क्रिकेटचा आणि या झगड्याचा इतिहास पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, म्हणून तर आज ही हकिकत आपल्याला सांगता येते. सत्तेपुढे हरलेल्या माणसाने निदान नोंद ठेवावी, हे शहाणपण आपल्या सार्वजनिक जीवनात दुर्मीळ आहे.

यापुढे जे घडले तो माझ्या मते या कथेचा खरा गाभा. सरकारने मैदानाचा प्रश्न सोडवला नाही. त्याला बगल दिली. १८८५ मध्ये पारशी जिमखाना स्थापन झाला आणि त्याला केनेडी सी-फेसवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हच्या अंगाला, समुद्र हटवून काढलेली जमीन मिळाली. १८९० च्या दशकात क्रिकेटवेडे लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना शेजारी हिंदू आणि इस्लाम जिमखाने आले. पुढे आपल्या समाजाचा कॅथलिक जिमखानाही त्याच किनाऱ्यावर उभा राहिला. प्रत्येक समाजाला अंगण मिळाले, तंबू मिळाला, हिरवळ मिळाली. अर्ज मात्र सर्वांनी मिळून केला होता. उत्तर आले ते धर्मागणिक वेगळे. सर्वांच्या एका मैदानाऐवजी प्रत्येकाचे एक मैदान, ही वाटणी राज्यकर्त्यांना सोयीची होती आणि आपणही ती खुशीने घेतली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

खेळाचे सामनेही मग त्याच वाटणीवर आखले गेले. १९१२ पासून युरोपियन, पारशी, हिंदू आणि मुसलमान अशा चार संघांची चौरंगी स्पर्धा भरू लागली. ख्रिस्ती, ज्यू, बौद्ध या चौघांत कुठेच बसत नव्हते. १९३७ मध्ये त्यांच्यासाठी ‘द रेस्ट’ नावाचा पाचवा संघ निघाला. द रेस्ट, म्हणजे उरलेसुरले! पण या उरल्यासुरल्यांतच सांगलीचे मराठी ख्रिस्ती विजय हजारे होते. १९४३-४४ च्या अंतिम सामन्यात ब्रेबर्न स्टेडियमवर हिंदूंविरुद्ध संघाच्या ३८७ धावांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या होत्या. त्यांचे बंधू विवेक यांच्यासह ३०० धावांची भागीदारी झाली. तीत विवेक यांचा वाटा २१ धावांचा. सामना संघाने गमावला. गांधीजींनी १९४० मध्येच अशा जातवार सामन्यांविरुद्ध मत दिले होते. १९४५-४६ च्या हंगामानंतर स्पर्धा बंद झाली.

मैदान कोणाचे हे विचारताना ते राखतो कोण हेही विचारायला हवे. पळवणकर बाळू पुण्याच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी झाडीत, रोलर फिरवीत, जाळी बांधीत. जातीने चर्मकार, म्हणून पुढे हिंदूंच्या संघात त्यांची गोलंदाजी सर्वांना हवी झाली तरी चहा मात्र वेगळ्या भांड्यात, तंबूबाहेर. १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना बॉम्बे जिमखान्याच्याच मैदानावर हरवले, त्या विजयात बाळूंचा मोठा हात होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही; धाकटे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले. उद्यानांच्या आणि मैदानांच्या इतिहासात गव्हर्नरांची नावे कोनशिलांवर असतात. रोलर ओढणाऱ्याचे नाव कळायला तो बाळूंइतका मोठा गोलंदाज व्हावा लागतो.

वाटणीतून वाचलेली खुली मैदाने पुढेही आपले काम करीत राहिली. १९६४ च्या आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेसच्या वेळी पोप पॉल सहावे मुंबईस आले. ते सोहळे ओव्हलवर झाले आणि सर्व धर्मांच्या मुंबईकरांनी त्यांच्या दर्शनाला गर्दी केली. आपल्या घराघरांतील वडीलधाऱ्यांना तो काळ आठवत असेल. १९८८ मध्ये आझाद मैदानावर, लॉर्ड हॅरिस यांच्याच नावाच्या ढालीसाठी खेळताना, शारदाश्रमाच्या तेंडुलकर आणि कांबळी या दोन मुलांनी ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. समोरचा संघ सेंट झेवियर्स शाळेचा होता, हे आपण जरा हळू आवाजात सांगू.

ओव्हलचीच दशा मात्र तोवर वाईट झाली होती. कचरा, उखडलेली माती, रात्रीचे नको ते उद्योग. १९९० च्या दशकात आसपासच्या रहिवाशांच्या ओव्हल कूपरेज रेसिडेंट्स असोसिएशनने न्यायालयाचे दार ठोठावले आणि देखभालीची जबाबदारी अंगावर घेतली. कुंपण झाले, हिरवळ परत आली, क्रिकेट थांबले नाही आणि पायवाट खुली राहिली. २०१८ मध्ये दोन्ही बाजूंच्या गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींसह ओव्हलचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले.

दत्तक घेतलेली प्रत्येक जागा इतकी सुदैवी ठरली नाही. शहरातील काही भूखंडांवर देखभालीच्या नावाखाली क्लब उभे राहिले आणि दारावर सभासदत्वाचा फलक लागला. जानेवारी २०१६ मध्ये महापालिकेने मोकळ्या जागा देखभालीसाठी संस्थांकडे सोपवण्याचे धोरण मंजूर केले. ओरड इतकी झाली की मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली आणि दिलेले भूखंड परत घेण्याचे आदेश निघाले. त्यावर दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकण्यासारखे होते: पालिकेने जागा परत घेतल्या तर माळ्याचा पगार, पाण्याची सोय, तुटलेल्या घसरगुंडीची दुरुस्ती वेळेवर कोण करणार? शापूरजींच्या अर्जात हा प्रश्न नव्हता. त्यांना फक्त घोडे हटवायचे होते. मैदान चोपायला त्यांची पोरे पहाटे आपणहून हजर होती.