लपंडाव: खेळातला आणि बोलण्यातला

लपण्याचा डाव तो लपंडाव. फोड इतकी सरळ की अभ्यासाला काही उरलेच नाही असे वाटावे. पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात विहिरीवरची मोटार सुरू करून ठिबकचे व्हॉल्व फिरवेपर्यंत लाइट जाते, आणि दुसऱ्या दिवशी बातमीचा मथळा येतो: 'विजेचा लपंडाव'. शिंदखेड्याकडे पेरण्या खोळंबल्या की लपंडाव पावसाचा असतो.

खेळ आठवून पाहा. एका भिडूवर राज्य येते. तो भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून आकडे म्हणतो, बाकीचे लपतात. पहिला सापडलेला भिडू पुढच्या डावात राज्य घेतो. मागून येऊन कुणी धप्पा दिला, तर राज्य पुन्हा शोधणाऱ्यावरच. खेळाचा सारा न्याय या राज्य फिरण्यात आहे. विजेच्या लपंडावात मात्र राज्य कायम शेतकऱ्यावर. दिसणे आणि दडणे एवढेच भाषेने उचलले, पाळीचा नियम सोडून दिला. म्हणून या प्रयोगात खेळ कमी आणि तक्रार जास्त ऐकू येते. माझ्या मते शब्दाचा अर्थ इथे उलगडतो, नुसत्या फोडीत नाही.

'खो'चे तर उलटेच झाले. मैदानात खो मिळाला की बसलेला गडी उठून पाठलागाला सुटतो. बोलण्यात कामाला खो बसला की काम अडते.

अशा शोधाला खानदेशात जुनी बैठक आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926 मध्ये धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले आणि त्यांचा मराठी धातूंचा कोशही तिथूनच निघाला. जळगावला 1990 पासून विद्यापीठ आहे, आज ते बहिणाबाईंच्या नावाने ओळखले जाते. आणि घरोघर अहिराणी आहे. अहिराणीत लपणे म्हणजे 'दपनं', लपवणे म्हणजे 'दपाडनं'. मग अंगणात दपणारी पोरे मोठी होऊन विजेबद्दल बोलतात, तेव्हा कोणता शब्द वापरतात? हा प्रश्न ग्रंथालयात सुटणार नाही. त्यासाठी ओट्यावर बसावे लागेल.

या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांचे मनापासून स्वागत. पदवी नसली तरी चालेल, कान हवा. खेळाचे नाव कानी पडले की ते कोण, कुणाला, कशाबद्दल म्हणाले, हे पूर्ण वाक्यासह त्याच दिवशी टिपून ठेवा. आणि सुरुवात घरातल्या आजीपासून करा.