कोयनेचे धरण आणि १९६७ चा भूकंप

सह्याद्रीच्या पूर्वेला अडवलेले कोयनेचे पाणी बोगद्यांतून पश्चिमेकडे, कोकणात उतरवून वीज निर्माण करण्याच्या योजनेचा पहिला टप्पा १९६२ मध्ये सुरू झाला. वीजगृह चिपळूण तालुक्यातील पोफळीला, डोंगराच्या पोटात आहे. धरण रबल काँक्रीटचे, १०३ मीटर उंच. दख्खनचा हा प्रदेश तेव्हा भूगर्भीयदृष्ट्या स्थिर समजला जाई आणि भारतीय भूकंप मानकाच्या सुरुवातीच्या नकाशात तो ‘शून्य’ विभागात होता. तरीही अभियंत्यांनी धरणाच्या संकल्पनात भूकंपाचे बल धरले होते. ते भिंतीच्या वजनाच्या पाच टक्के इतके, आडवे आणि पायथ्यापासून माथ्यापर्यंत सारखेच मानले होते.

जलाशय भरू लागला तसे आसपासच्या गावांना हादरे जाणवू लागले. म्हणून परिसरात भूकंपमापक बसवण्यात आले आणि धरणाच्या गॅलरीत एक प्रवेगमापकही ठेवला गेला. १३ सप्टेंबर १९६७ रोजी जोराचा धक्का बसला. त्यानंतर ११ डिसेंबरला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. कोयनानगरची दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे १८० जण मृत्युमुखी पडले, दोन हजारांहून अधिक जखमी झाले. मुंबईला जाणारी कोयनेची वीज तुटली आणि कारखाने थांबले.

भिंत उभी राहिली, पण तडकली. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच खंडांत आडव्या भेगा पडल्या, त्याही पायथ्याशी नव्हे, तर माथ्यापासून साधारण ३६ मीटर खाली. तिथे भिंतीच्या मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो. बांधकाम सुरू असताना उंचीचा आराखडा बदलल्यामुळे भिंतीचा वरचा भाग नेहमीपेक्षा जड झाला होता. गॅलरीतल्या प्रवेगमापकाने नोंदवलेला आडवा प्रवेग गुरुत्वीय प्रवेगाच्या निम्म्याहून अधिक भरला. इतक्या मोठ्या धक्क्याची धरणातच झालेली अशी नोंद जगात दुर्मीळ होती. अभियांत्रिकीच्या दृष्टीने या भूकंपातून हाती आलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

रुडकीच्या भूकंप अभियांत्रिकी संस्थेत जयकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदीचे विश्लेषण केले. कॅलिफोर्नियात अनिल चोप्रा यांनी तीच नोंद वापरून धरणाच्या कंपनांचे गणित मांडले. भिंत पायथ्याशी हलते तेवढीच माथ्याशी हलत नाही. वर जाताना हालचाल वाढत जाते आणि जलाशयातले पाणीही भिंतीवर जादा दाब टाकते. त्यामुळे ताण नेमका उतार बदलतो तिथे एकवटला. पाच टक्क्यांच्या सरसकट हिशेबात हे दिसणे शक्यच नव्हते. पुढे मोठ्या धरणांसाठी गतिकीय विश्लेषणाचा आग्रह धरला गेला, त्यात कोयनेचा वाटा मोठा आहे. मानकाच्या १९७० च्या आवृत्तीतून ‘शून्य’ विभाग काढून टाकण्यात आला आणि कोयना चौथ्या विभागात गेली.

भेगांत इपॉक्सी भरून आणि ताणलेल्या केबलींनी भिंत बांधून तातडीची दुरुस्ती झाली. १९७३ मध्ये उंच खंडांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते कायमचे भक्कम करण्यात आले. सांडव्याचे मजबुतीकरण २००६ मध्ये झाले. पोफळीच्या भूमिगत वीजगृहाचे मात्र मोठे नुकसान झाले नाही. खडकात खोलवर हादरा जमिनीच्या पृष्ठभागापेक्षा सहसा सौम्य असतो.

याउलट, भूकंपात वीजव्यवस्थेचा सर्वांत नाजूक भाग असतो तो उघड्यावरच्या उपकेंद्रात. चिनी मातीचे उंच इन्सुलेटर ठिसूळ असतात आणि रुळांवर नुसते ठेवलेले रोहित्र धक्क्याने सरकते. २००१ च्या भुज भूकंपात कच्छमधील उपकेंद्रांची मोठी हानी झाली. रोहित्रे पायाला बोल्टांनी जखडणे आणि त्यांना जोडणाऱ्या तारांत पुरेशी ढील ठेवणे, हे उपाय साधे व स्वस्त आहेत, पण ते आधी करावे लागतात.