हक्कसोडीची सही : वऱ्हाडातील कापड गिरणी कामगार आणि स्वेच्छानिवृत्तीचा कायदेशीर इतिहास

प्रस्तावना :

वऱ्हाडच्या आर्थिक इतिहासात कापूस व त्यावर आधारित उद्योगांना अनन्यसाधारण महत्त्व आहे. १८५३ च्या तहाने निजामाकडून हा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. त्यानंतर अमरावती, अकोला व खामगाव येथील कापसाच्या बाजारपेठा नावारूपास आल्या आणि सरकी काढण्याच्या व गठाणी बांधण्याच्या कारखान्यांपाठोपाठ सूत व कापड गिरण्याही उभ्या राहिल्या. अकोल्याची सावतराम रामप्रसाद मिल आणि अमरावती जिल्ह्यातील अचलपूरची विदर्भ मिल ही त्यांपैकी दोन ठळक नावे होत. या गिरण्यांच्या उभारणीविषयी व कामगार चळवळीविषयी लेखन झाले आहे. मात्र गिरणी सोडताना कामगाराने ज्या कागदावर सही केली, त्या कागदाचा इतिहास उपेक्षितच राहिला आहे.

स्वेच्छानिवृत्ती घेणारा कामगार ठरावीक रक्कम स्वीकारतो आणि मालकाविरुद्धचे आपले सर्व दावे संपले असे लिहून देतो. या दस्तऐवजास येथे ‘हक्कसोड’ असे म्हटले आहे. अशा सहीकडे कायद्याने निरनिराळ्या काळात कोणत्या दृष्टीने पाहिले आणि त्या बदलत्या दृष्टीचा वऱ्हाडातील कामगारांच्या दृष्टीने काय अर्थ होता, याचा शोध घेणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. विवेचनाच्या सोयीसाठी या इतिहासाचे तीन टप्पे पाडले आहेत.

पहिला टप्पा : सहीविषयीचा अविश्वास (१९२३ ते १९४८)

वसाहतकालीन कामगार कायदे मालकाच्या हिताकडे झुकलेले होते, असा सर्वसाधारण समज आहे व तो बऱ्याच अंशी खराही आहे. तथापि हक्कसोडीच्या बाबतीत या कायद्यांनी दाखविलेली सावधगिरी उल्लेखनीय आहे. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमातील कलम १७ नुसार, अपघाताच्या भरपाईचा हक्क सोडून देणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरविण्यात आला. याच कायद्याचे कलम २८ अधिक महत्त्वाचे आहे. मालक व जखमी कामगार यांनी एकरकमी भरपाईचा समझोता केला, तर त्याची नोंद आयुक्तांकडे करणे आवश्यक होते. ठरलेली रक्कम अपुरी आहे, अथवा समझोता फसवणुकीने किंवा गैरवाजवी दडपणाने झाला आहे असे दिसल्यास नोंदणी नाकारण्याचा अधिकार आयुक्तांना होता. नोंदणीच झाली नाही, तर मालकाची पूर्ण भरपाईची जबाबदारी कायम राहत असे.

१९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमातील कलम २३ आणि १९४८ च्या किमान वेतन अधिनियमातील कलम २५ यांनी हेच तत्त्व वेतनास लागू केले. कायद्याने दिलेले वेतन आपण सोडत आहोत असे कामगाराने लिहून दिले, तरी त्या लेखास किंमत नव्हती. हात गमावलेला किंवा घरात दाणा नसलेला मनुष्य समोर ठेवलेल्या कोणत्याही कागदावर अंगठा उमटवील, हे वास्तव या तरतुदींच्या मुळाशी होते. म्हणून कायदा केवळ सही पाहत नव्हता. सही करणाऱ्याची अवस्थाही पाहत होता.

दुसरा टप्पा : सामूहिक सही (१९४७ ते १९९०)

स्वातंत्र्याच्या सुमारास कामगार कायद्याचा भर व्यक्तीकडून संघटनेकडे वळला. केंद्रात औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ आला. त्याच वर्षी मध्यप्रांत व वऱ्हाड औद्योगिक विवाद समझोता अधिनियमही संमत झाला. या व्यवस्थेत समझोता हा मुख्यतः संघटना व मालक यांच्यातील व्यवहार होता. १९४७ च्या केंद्रीय कायद्यानुसार समेट अधिकाऱ्यासमोर झालेला समझोता त्या आस्थापनेतील सर्व कामगारांवर बंधनकारक होई. खाजगीरीत्या झालेल्या समझोत्याची प्रतही शासनाच्या अधिकाऱ्याकडे पाठवावी लागे. एकटा कामगार मालकासमोर दुबळा असतो, ही जाणीव येथेही होती. तिच्यावरील उपाय मात्र बदलला होता. आयुक्तांच्या देखरेखीची जागा संघटनेच्या सामर्थ्याने घेतली.

१९५३ च्या दुरुस्तीने कामगार कपातीसाठी प्रत्येक पूर्ण सेवावर्षामागे १५ दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई देण्याची तरतूद झाली. परंतु कपातीच्या व्याख्येतून ‘स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती’ स्पष्टपणे वगळण्यात आली. त्या काळी ही बाब फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. स्वेच्छेने काम सोडणारा गिरणी कामगार हा अपवादच होता. पुढे याच अपवादाने नियमाची जागा घेतली.

१९७४ च्या आजारी कापड उपक्रम (राष्ट्रीयीकरण) अधिनियमाने देशातील १०३ गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आल्या. त्यांत वऱ्हाडातील गिरण्यांचाही समावेश होता. या कायद्याने व्यवस्थापन हाती घेण्यापूर्वीची देणी सामान्यतः जुन्या मालकाच्याच माथी ठेवली. म्हणजे राष्ट्रीयीकरणाने कामगाराची नोकरी वाचली, परंतु त्याच्या सेवेच्या हिशेबात एक सांधा निर्माण झाला. जुनी थकबाकी कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न अशा सांध्यातूनच उद्भवतो. हक्कसोडीच्या एका ओळीने असे सर्व प्रश्न एकदम मिटविले जातात. त्या ओळीचे मोल समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

तिसरा टप्पा : एकट्याची सही (१९९१ नंतर)

१९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर परिस्थिती झपाट्याने पालटली. फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला व त्यातील पैसा प्रामुख्याने स्वेच्छानिवृत्तीवर खर्च झाला. वस्त्रोद्योग महामंडळाच्या बहुतेक उपकंपन्या औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळाकडे गेल्या. २००२ पासून मंजूर झालेल्या पुनर्वसन योजनांत गिरण्यांची विभागणी ‘चालू शकणाऱ्या’ व ‘न चालू शकणाऱ्या’ अशी करण्यात आली. दुसऱ्या वर्गातील गिरण्या बंद करून कामगारांना सुधारित स्वेच्छानिवृत्ती योजना देण्यात आली. देशभरात साठ हजारांच्या घरात कर्मचारी या मार्गाने बाहेर पडले. अकोल्याची सावतराम मिल व अचलपूरची विदर्भ मिल या पर्वाच्या अखेरीस कायमच्या बंद गिरण्यांत जमा झाल्या होत्या.

या योजनेचा आधार तथाकथित ‘गुजरात पद्धती’ हा होता. तीनुसार प्रत्येक पूर्ण सेवावर्षासाठी ३५ दिवसांचे आणि उरलेल्या प्रत्येक वर्षासाठी २५ दिवसांचे वेतन मिळे; ही रक्कम उरलेल्या सेवेतील एकूण वेतनापेक्षा अधिक होऊ शकत नसे. सार्वजनिक उपक्रमांसाठी मे २००० मध्ये निघालेल्या निर्देशांनुसार, बंद करावयाच्या उपक्रमातील जे कर्मचारी मुदतीत हा पर्याय स्वीकारणार नाहीत, त्यांना केवळ कपातीची कायदेशीर भरपाई मिळणार होती.

या दोन पर्यायांतील अंतर एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. २४ वर्षे सेवा झालेल्या व १० वर्षे उरलेल्या कामगारास स्वेच्छानिवृत्तीत ८४० अधिक २५० म्हणजे १०९० दिवसांचे वेतन मिळेल. सही न केल्यास त्याला ३६० दिवसांच्या वेतनावर समाधान मानावे लागेल. उपदान व भविष्य निर्वाह निधी दोन्ही स्थितींत स्वतंत्रपणे देय असल्याने ते या हिशेबात धरलेले नाहीत. ७३० दिवसांच्या वेतनाचा हा फरक हीच सहीची किंमत होय. नोकरी राखणे हा तिसरा पर्याय उपलब्धच नव्हता. गिरणी बंद करण्याचा निर्णय आधी झालेला होता. त्यामुळे ‘स्वेच्छा’ या शब्दाचा अर्थ दोन निर्गमनांतील निवड एवढाच उरतो.

न्यायालयीन दृष्टिकोन :

विषम सामर्थ्याच्या पक्षांतील अन्यायकारक करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ खाली लोकनीतीविरुद्ध ठरू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या प्रकरणात म्हटले होते. हे तत्त्व स्वेच्छानिवृत्तीसही लावले जाईल अशी अपेक्षा करण्यास त्यामुळे जागा होती. प्रत्यक्षात निर्णयांचा ओघ वेगळ्या दिशेने गेला.

डिसेंबर २००२ मध्ये बँक ऑफ इंडिया विरुद्ध ओ. पी. स्वर्णकार या प्रकरणात, व्यवस्थापनाने स्वीकार करेपर्यंत कर्मचारी आपला अर्ज मागे घेऊ शकतो असे ठरले. परंतु योजनेचे पैसे स्वीकारणाऱ्यांना ही मुभा नाकारण्यात आली. एप्रिल २००३ मधील ए. के. बिंदल विरुद्ध भारत सरकार हा निर्णय अधिक निर्णायक ठरला. आजारी खत कंपन्यांतील कर्मचाऱ्यांची वेतनसुधारणेची मागणी त्यात होती. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेतल्यावर मालक-नोकर हे नाते पूर्णपणे संपते व मागील हक्कांचा प्रश्न पुन्हा उकरून काढता येत नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. वऱ्हाडातील गिरण्यांचे अखेरचे हिशेब ज्या काळात होत होते, त्याच काळात हा निर्णय आला, हे लक्षणीय आहे.

सही दडपणाखाली झाली, असे म्हणणाऱ्यांसाठीही वाट अरुंद झाली. विक्रम सिमेंट (२००८) व मारुती सुझुकी (२०११) या प्रकरणांत, स्वेच्छानिवृत्तीला आव्हान द्यावयाचे असल्यास आधी घेतलेली रक्कम परत करावी, ही अट न्याय्य मानली गेली. तर्कदृष्ट्या ही अट बिनतोड वाटते, कारण लाभ व तक्रार दोन्ही एकाच वेळी पदरात घेता येऊ नयेत. परंतु ज्याची गिरणी बंद झाली आहे, त्याने ती रक्कम कर्ज, औषधोपचार व संसार यांतच खर्च केलेली असण्याची शक्यता अधिक. ज्याच्यापाशी पैसा शिल्लक आहे, तोच दडपणाची तक्रार करू शकेल, अशी ही विचित्र परिस्थिती आहे.

तरीही हक्कसोडीने सर्वच हक्क संपतात असे मानणे चुकीचे आहे. उपदान अधिनियम, १९७२ च्या कलम १४ ने त्या कायद्यास इतर करारांवर वरचढ स्थान दिले होते. उपदानाचा वैधानिक हक्क साध्या पावतीने बुडत नाही. भविष्य निर्वाह निधीतील जमाही कामगाराची स्वतःची आहे. याउलट वेतनसुधारणेतील फरक, बढती, ज्येष्ठता अथवा बदली कामगार म्हणून काढलेल्या वर्षांविषयीचे वाद हे मात्र सहीबरोबर मागे पडतात. ही सीमारेषा सही करण्यापूर्वी कामगारास समजावून सांगणारी त्रयस्थ यंत्रणा स्वेच्छानिवृत्तीच्या कायद्यात नाही, हाच खरा दोष आहे.

तुलनात्मक दृष्टी :

अन्य देशांत या उणिवेवर उपाय योजलेले दिसतात. ब्रिटनमध्ये १९९६ च्या रोजगार हक्क कायद्यानुसार, वैधानिक दावे सोडणारा करार वैध ठरण्यासाठी कामगाराने स्वतंत्र सल्लागाराचे मत घेतलेले असावे लागते. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने, वयाच्या कारणावरून होणाऱ्या भेदभावाचे दावे सोडणाऱ्या चाळिशीपुढील कर्मचाऱ्यास विचारासाठी किमान २१ दिवस, सामूहिक योजनेत ४५ दिवस, आणि सहीनंतर माघार घेण्यासाठी ७ दिवस दिले आहेत. या अटी न पाळता घेतलेली हक्कसोड, कर्मचाऱ्याने पैसे परत केले नाहीत तरी त्याचा दावा अडवू शकत नाही, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ठरविले. मात्र या कल्पनेसाठी परदेशाकडेच पाहण्याची गरज नाही. सहीची छाननी करणारा आयुक्त भारतीय कायद्यास १९२३ पासूनच परिचित होता.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, जवळपास आठ दशकांत कामगाराच्या सहीविषयीची कायद्याची भूमिका उलट दिशेने सरकली. प्रथम कायद्याने एकट्याच्या सहीवर अविश्वास दाखविला, नंतर ती संघटनेच्या हाती सोपविली आणि अखेरीस ती पुन्हा एकट्याकडे आणून अंतिम मानली. बोट गमावलेल्या कामगाराचा समझोता तपासणारा कायदा, संपूर्ण नोकरी गमावणाऱ्याचा समझोता मात्र न तपासताच मान्य करतो. या विसंगतीचे समर्थन करणे कठीण आहे.

हा प्रश्न केवळ भूतकाळातील नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४७ च्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. तिनेही स्वेच्छानिवृत्तीस कपातीच्या व्याख्येबाहेरच ठेवले आहे. त्यामुळे कपात झालेल्या कामगारासाठी असलेला पुनर्कौशल्य निधी स्वेच्छेने निवृत्त होणाऱ्यास लागू होत नाही. मुंबईहून अचलपुरात आणलेली फिनले मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली आणि ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून कामगारांना आंदोलने करावी लागली. अशा आस्थापनांत उद्या निवृत्ती योजनेचे अर्ज वाटले गेले, तर १९२३ चे कलम २८ हा उपयुक्त आदर्श ठरेल. कामगार आयुक्तांसमोर नोंदणी, देय व सोडलेल्या हक्कांची मराठीत लेखी यादी आणि माघारीसाठी थोडी मुदत, एवढ्या तीन गोष्टींनीही ‘स्वेच्छा’ या शब्दास काही अर्थ प्राप्त होईल.