पाहुण्या पाखरांच्या पायांतील वाळे

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच अंगणातील ओलसर जागी शेपटी खालीवर करीत चालणारा परीट दिसू लागतो. पाठोपाठ तळ्यातळ्यांवर चक्रवाक आणि थापट्या उतरतात आणि फाल्गुन सरता सरता ही सारी मंडळी जशी आली तशी निघून जातात. हे येणेजाणे आपल्या पूर्वजांच्या नजरेतून सुटले नव्हते. पावसाळ्याच्या तोंडावर मानस सरोवराकडे निघालेले राजहंस कालिदासाने 'मेघदूता'त क्रौंचरंध्राच्या वाटेने हिमालयापलीकडे नेले आहेत. ही वाट निव्वळ कविकल्पना समजण्याचे कारण नाही, कारण पट्टकादंब हंस आजही दरसाल हिमालय ओलांडतात. मात्र अमुक एक पक्षी अमुक प्रदेशातून आला, हे बोट ठेवून सांगता येण्यास विसावे शतक उजाडावे लागले. आपल्या देशात या ज्ञानाचा बराचसा भार हौशी माणसांच्या एका मंडळाने वाहिला, त्याची ही हकीकत आहे.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत भायखळ्याच्या संग्रहालयात आठ गृहस्थ जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली. सहा युरोपीय आणि दोन आपले. या दोघांपैकी एक प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. धर्मसुधारणेच्या इतिहासात आत्मारामपंतांचे नाव आदराने घेतले जाते, पण प्राण्यापाखरांच्या अभ्यासाशी त्यांचा असलेला हा संबंध फारसा कोणाला ठाऊक नसतो. संस्थेला स्वतःचे घर नव्हते. सभासद असलेल्या फिप्सन नावाच्या मद्यविक्रेत्याने आपल्या दुकानात तिला जागा दिली आणि दारूच्या बाटल्यांच्या शेजारी पेंढा भरलेले पक्षी मांडले गेले! १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले.

त्या काळी पक्षिनिरीक्षकाच्या हाती दुर्बिणीआधी बंदूक असे. पक्षी ओळखायचा तर तो मारावा, कातडे सोलावे, वर चिठ्ठी बांधून पेटीत ठेवावे, असा रिवाज होता. त्याचा दोष देण्यात अर्थ नाही, कारण पुढील पिढीची ओळखीची पुस्तके त्या कातड्यांवरच उभी राहिली. मात्र मेलेला पक्षी आपला प्रवास सांगत नाही. डेन्मार्कमधील मोर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने १८९९ मध्ये यावर एक साधा तोडगा काढला. पक्षी जिवंत धरावा, पायात क्रमांक कोरलेले ॲल्युमिनियमचे हलके वाळे घालावे आणि सोडून द्यावा. पुढे तो जेथे कोणाच्या हाती लागेल, तेथून त्याचे पत्र येईल.

आपल्याकडे मुंबईच्या संस्थेने हा प्रयोग १९२७ च्या सुमारास हाती घेतला, तो माळव्यातील धार संस्थानात, म्हणजे पवारांच्या राज्यात. पाणपक्ष्यांच्या पायांत संस्थेची वाळी पडली. वाळ्यावर क्रमांकाखेरीज एवढाच मजकूर असे, की मुंबईच्या या संस्थेला कळवा. ज्याला कळवायचे, तो वाचक कोण, कोठला, त्याला ती अक्षरे लागतील की नाही, यांपैकी कशाचीच शाश्वती नव्हती.

ही योजना मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती एका आजारामुळे. १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या अरण्यात माकडे मरू लागली आणि माणसांना ताप येऊ लागला. या तापाचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता निघाला. मग गोचिडींना अंगावर वागवीत हिवाळी पाखरांनीच तो आणला असावा, अशी शंका निघाली. डॉ. सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली संस्थेने १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने कच्छात आणि नंतर अन्यत्र वाळी घालण्याची शिबिरे भरविली, ती १९७३ पर्यंत चालली. पाखरांवरील आरोप काही शाबीत झाला नाही, पण त्यांच्या प्रवासाचे नकाशे हाती आले. जाळी लावण्यास संस्थेने बिहारातील मीरशिकार या परंपरागत पारध्यांना बोलाविले होते. बाजारासाठी पक्षी धरणारे हात इजा न करता तो धरून सोडून देण्याच्याही उपयोगी पडले. माझ्या मते या साऱ्या उद्योगातील हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होय.

यात एक कठोर गोष्टही होती. भरतपुरात वाळे घातलेल्या बदकाचा पत्ता सायबेरियातून येई, तो बहुधा शिकाऱ्याकडून. म्हणजे पक्ष्याचा मार्ग त्याच्या मरणानेच उजेडात येई. उपग्रहाशी बोलणारी लहान यंत्रे पाठीवर बांधता येऊ लागली, तेव्हा कोठे ही अट सुटली.

भरतपूरचे नाव निघाले म्हणून तेथील एका शिलालेखाविषयी सांगतो. केवलादेवाच्या मंदिराजवळ संस्थानी शिकारींचा हिशेब दगडावर कोरलेला आहे. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी पडले. योगायोग असा, की १२ नोव्हेंबर हाच सालिम अलींचा जन्मदिवस. त्या दिवशी त्यांनी बेचाळीस वर्षे पुरी केली. हा लेख वाचून संताप येतो, तसाच त्याचा उपयोगही होतो. एका दिवसात एवढी पाखरे मारता येत, म्हणजे ती तेथे किती दाट उतरत असतील, याची अन्य साक्ष आपल्याजवळ थोडी आहे.

आज ही साक्ष लेखणीने नोंदविली जाते. १९८७ पासून दर जानेवारीत आशियातील पाणपक्ष्यांची गणना होते आणि गावोगावची निसर्गमंडळे तीत भाग घेतात. पहाटे तळ्याच्या काठी उन्हाकडे पाठ करून उभे राहावे, थव्यातील दहा पाखरे मोजून तेवढी जागा नजरेत धरावी आणि तशा किती जागा भरतात ते पाहावे, अशी ही रीत आहे. कंटाळवाणे काम खरे. नवख्याला दुर्मिळ पक्ष्याची ओढ असते आणि शेकडो वारकरी बदके मोजणे त्याच्या जिवावर येते. पण तळे आटत चालले आहे की नाही, हे दुर्मिळ पाहुणा सांगत नाही. नेहमीच्या बदकांची घटलेली संख्या सांगते. म्हणून जुनी मंडळे एक शिस्त पाळतात. जो पक्षी पूर्वी येई आणि यंदा दिसला नाही, त्याच्या नावापुढे जागा कोरी न सोडता शून्य लिहितात.

भरतपुरात १९६४-६५ च्या हिवाळ्यात सायबेरियन क्रौंच सुमारे दोनशे होते. पुढे ते कमी कमी होत गेले. अफगाणिस्तान-पाकिस्तानच्या वाटेवरील शिकार हे त्याचे एक मोठे कारण मानतात. २००१-०२ च्या हिवाळ्यात एक जोडी आली होती. त्यानंतर तेथील पानावर शून्य आहे. या जातीचा पूर्वेकडील थवा अद्याप चीनमधील पोयांग सरोवरावर हिवाळा काढतो.