गोफण, बंदूक आणि कॅमेरा

येरमाळ्याला खरी थंडी पडायच्या आधी थिरथिरा येतो. चिमणीएवढा काळा पक्षी, पोट आणि शेपूट विटकरी. परसाच्या भिंतीवर बसून शेपटी अशी थरथरवतो की यालाच हुडहुडी भरलीय असं वाटावं. पाठोपाठ धोबी येतो, मग भोरड्यांचे थवे. थिरथिरा हिमालयापलीकडून येतो, भोरडी मध्य आशियातून. चैत्री पौर्णिमेला येडाईची यात्रा भरते तोवर यातले बहुतेक पाहुणे परतीच्या वाटेला लागलेले असतात.

त्यांचे फोटो काढायला फार लांब जावं लागत नाही. खिडकीला पडदा, पडद्याला फट, बाहेर पाण्याचं एक पसरट भांडं.. झालं काम! थंडीत सकाळचं ऊन तिरपं आणि मऊ असतं, झाडांची पानं विरळ झालेली असतात, पक्षी आडोशाला लपत नाही. एक मात्र आहे. चुन्याच्या भिंतीवरचा थिरथिरा फोटोत हटकून काळाठिक्कर येतो, तेव्हा प्रकाश थोडा वाढवून घ्यावा.

पण मंडळी, आज तंत्राबद्दल लिहायचं नाहीये. या पक्ष्यांवर आपण कॅमेरा रोखतो, त्याआधी इथल्या माणसांनी काय काय रोखलं होतं, त्याची ही गोष्ट.

पहिली अर्थात गोफण. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचा थवा उतरतो आणि बघता बघता कणसं रिकामी करतो. म्हणून शेतात माळा, माळ्यावर राखणदार आणि त्याच्या हातात गोफण. गंमत म्हणजे हीच भोरडी तिकडे तिच्या विणीच्या प्रदेशात टोळ फस्त करते आणि शेतकऱ्याची मित्र ठरते. आपल्याकडे येईपर्यंत ती चोर झालेली असते! राखणदाराला पक्ष्यांच्या येण्याजाण्याचं वेळापत्रक तोंडपाठ असायचं, पण ते कुठे लिहिलं गेलं नाही.

लिहायला सुरुवात झाली ती बंदुकीच्या काळात. मद्रासच्या लष्करातला डॉक्टर टी. सी. जर्डन आपल्या जालन्याच्या छावणीत काही वर्षं होता. 1839 मध्ये त्याची भारतीय द्वीपकल्पाच्या पक्ष्यांची यादी छापून येऊ लागली, आणि 1840 च्या दशकात त्याने पक्ष्यांच्या चित्रांचं पुस्तक काढलं. ती चित्रं भारतीय चित्रकारांनी काढलेली होती. तेव्हा पक्ष्याचा ‘फोटो’ म्हणजे हेच: आधी पक्षी पाडायचा, मग समोर ठेवून रंगवायचा.

पुढे साधारण शंभर वर्षांनी, 1931-32 मध्ये, निजामाच्या हैदराबाद संस्थानाची पक्षीपाहणी झाली. आपला जिल्हा तेव्हा त्याच संस्थानात होता. पाहणी करणारा माणूस बर्लिनहून शिकून आलेला, पण हाताला कायमची नोकरी नसलेला. नाव सलीम अली. त्यांनी मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेपुढे प्रस्ताव ठेवला होता की तळ, प्रवास आणि कातडी सोलून भरणाऱ्या मदतनिसाचा खर्च भागवा, माझ्या कामाचे पैसे नकोत. पत्नी तेहमिना मुक्कामांवर सोबत असत. या पाहणीचा वृत्तांत 1933-34 मध्ये संस्थेच्या नियतकालिकात भागाभागाने छापला गेला, त्यात इंग्लंडमधल्या ह्यू व्हिसलर यांची टिपणं होती.

ही पाहणीही बंदुकीनेच झाली. आज ऐकायला कसंतरी वाटतं, पण दोन जवळच्या पोटजातींतला फरक कधी पंखाच्या काही मिलिमीटरचा असतो, आणि तो पक्षी हातात घेतल्याशिवाय कळत नाही. मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. प्रत्येक कातड्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधलेली असे. त्यावर ठिकाण, तारीख, नर की मादी. पक्षी गेला, पण तो कुठे आणि कधी होता हे राहिलं.

कॅमेरा तोवर जगात आला होता. इंग्लंडमधल्या कीअर्टन बंधूंनी 1892 मध्ये अंड्यांसकट घरट्याचा फोटो काढला. भारतात रेल्वेत नोकरी करणारे लाउदर आडोशात तासन् तास बसून पक्ष्यांचे फोटो काढत, त्यांचं पुस्तक 1949 चं. सिंगापूरचे लोक वान थो सलीम अलींचे मित्र, सोबत हिंडून फोटो काढणारे. त्यांचं पुस्तक 1957 मध्ये आलं. ही कामं वेळ आणि पैसा असलेल्यांची होती. साध्या घरात पुढे कॅमेरा आला तरी रोल छत्तीस फोटोंचा, तो लग्नासाठी जपून ठेवायचा. थिरथिऱ्यावर कोण खर्च करणार? 2003 नंतर डिजिटल कॅमेरे आवाक्यात येऊ लागले, मग मोबाईल आला, आणि परसातला पक्षी फुकटात फोटोत येऊ लागला.

आता मुद्द्याचं. शिकारीला 1972 च्या वन्यजीव कायद्याने आळा बसला, कॅमेऱ्याने पक्षी मरत नाही, हे उत्तमच. पण बंदुकीबरोबर ती चिठ्ठीही गेली! आपण फोटो काढतो आणि घरच्या ग्रुपवर टाकतो. मूळ फोटोत तारीख-वेळ आपोआप नोंदलेली असते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो गेला की ही माहिती सहसा गळून पडते. उरतं ते एक सुंदर चित्र. कुठलं, कधीचं, कुणी सांगायचं?

याने काय बिघडतं ते माळढोकाकडे बघून कळतं. इथून बार्शीमार्गे सोलापूरला जाताना नान्नज लागतं. माळढोकासाठी तिथे 1979 मध्ये अभयारण्य झालं, आज तिथे माळढोक जवळजवळ उरलेला नाही. माळढोक मोठा आणि नावाजलेला, म्हणून त्याची मोजदाद तरी झाली. परसातला छोटा पक्षी कमी होत गेला तर ते कळणार कसं? कुणाकडे तरी दर थंडीची नोंद असेल तरच.

म्हणून नातेवाईक मंडळींना एकच विनंती. फोटो ठेवताना त्याच्या नावात तीन गोष्टी लिहा: तारीख, गाव, पक्षी. पक्ष्याचं नाव येत नसेल तर नुसती तारीख आणि गाव. गाव मात्र पूर्ण लिहा, ‘येरमाळा, ता. कळंब’ असं. जिल्ह्यांची नावं बदलतात. सलीम अलींच्या वेळी उस्मानाबाद होतं, 2023 पासून धाराशिव आहे. जमल्यास ई-बर्डवर नोंदही टाका, तिथे घरचं अंगणसुद्धा चालतं. थिरथिरा यंदा पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला, एवढंच दरवर्षी लिहून ठेवलं तरी दहा वर्षांनी आपल्या घरात एक छोटी पाहणी तयार असेल, तीही एकही पक्षी न मारता.